पाळी गेल्यानंतरचं दुखणं आणि वाढलेलं वजन: माझा वर्षभराचा अनुभव

पाळी जाऊन काही वर्षं झाली आहेत, वजन वाढलंय, नवऱ्याजवळ गेलं की दुखतं आणि हे विचारायचं कुणाला तेच कळत नाही, अशा बायकांसाठी हे लिहिते आहे. मी साताऱ्यात गोडोलीत राहते. वय ५५, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नाव देत नाही, कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही, माझ्या यजमानांचीही आहे. त्यांनी हे सगळं वाचून ‘टाक’ म्हटल्यावरच टाकते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत काय झालं आणि मला काय समजावून सांगितलं गेलं, तेवढंच इथे आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. माझी शेवटची पाळी २०२० च्या पावसाळ्यात आली, म्हणजे पन्नाशीला. तेव्हा माझं वजन ६२ किलो होतं. २०२४ च्या दिवाळीपर्यंत ते ७६ वर गेलं. उंची पाच फूट एक इंच. खाणं फार बदललं नव्हतं, पण चरबी सगळी पोटावर येऊन बसली. हात-पाय तेच, कंबर मात्र ओळखू येईना.

त्याच काळात दुसरं दुखणं सुरू झालं. आधी नुसती खाज आणि कोरडेपणा, मग संबंधाच्या वेळी आग. ब्लेडने चिरल्यासारखी आग आणि नंतर लघवीला गेलं की पुन्हा तीच. मी रात्री वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणून उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसायला लागले. हे विचारायचे नाहीत, मी सांगायचे नाही. जोडीला शिंकलं, खोकलं की लघवीचे थेंब जायचे. शाळेत परिपाठाला उभं राहायचं म्हणजे धास्ती वाटायची.

२०२४ च्या दिवाळीनंतर संबंधानंतर रक्ताचा डाग दिसला. काही दिवसांनी पुन्हा दिसला. मग मात्र मी दवाखान्यात गेले.

पहिल्या दवाखान्यात मला तपासलंच नाही. काय होतंय ते मी सांगायला सुरुवात केली आणि ‘रक्त’ या शब्दाआधीच वजनकाट्यावर उभं केलं गेलं. ‘आधी दहा किलो कमी करा, मग बघू. या वयात हे असं चालायचंच.’ कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, ३०० रुपये फी घेतली. पायऱ्या उतरताना मला रडू येत होतं. वजन कमी करायला हवं हे खरंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा किलो उतरायला वर्ष लागतं, आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या बाईला ‘मग बघू’ म्हणून घरी पाठवणं चूक आहे, हे मला आता पक्कं माहीत आहे. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी दिसला, तरी तपासणी लगेच व्हायला हवी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भपिशवीच्या कॅन्सरचं पहिलं लक्षणही हेच असतं, त्यामुळे थांबायचं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शाळेतल्या एका मॅडमशी बोलता बोलता विषय निघाला. त्यांनी पोवई नाक्याकडच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव सांगितलं. फोन केला तर आठवडाभरानंतरची वेळ मिळाली. किरकोळ रजा टाकली. तोंडाने सांगताना पुन्हा अडखळेन म्हणून आदल्या रात्री वहीच्या कागदावर लिहून घेतलं:

‘१. पाळी २०२० ला गेली. २. संबंधाच्या वेळी आग होते. दोनदा रक्ताचा डाग. ३. शिंकलं की लघवी होते. ४. वजन १४ किलो वाढलं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे का?’

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “बरं केलंत मॅडम, लिहून आणलंत. चौथ्याकडे शेवटी येऊ. आधी दुसरं बघू.”

एवढ्या एका वाक्याने माझा निम्मा भार उतरला. तुम्हालाही सांगते, बोलवत नसेल तर लिहून न्या. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही लिहा. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही संबंधाची इच्छा कमी होते, म्हणून डॉक्टर त्या विचारतात. (आपल्या मनाने गोळी बंद मात्र करायची नाही.)

तपासणीची मला फार भीती होती. आतून बघायचं उपकरण लहान मापाचंही असतं. “दुखेल अशी भीती वाटतेय, लहान मापाचं वापराल का?” असं आपण विचारू शकतो. त्यांनी ते वापरलं, आधी सांगून, हळू. त्याच वेळी पॅप स्मिअर घेतला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी तपासायला. त्याचे ७०० रुपये, रिपोर्ट आठवड्याने.

मग त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, खूप कमी होतं. योनीची आतली त्वचा या इस्ट्रोजेनवरच जाड, ओली आणि लवचीक राहते. ते गेलं की ती पातळ पडते, सुकते, जरा घासलं तरी चिरते. तिथले चांगले जंतू कमी होतात, आम्लपणा उतरतो, त्यामुळे जळजळ आणि लघवीचा संसर्ग वारंवार होतो. पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफा काही वर्षांत बहुतेकींच्या कमी होतात, पण हा कोरडेपणा उपचार न करता आपोआप जात नाही, बहुधा वाढतच जातो. “तुमची आग यामुळे आहे. वजनामुळे नाही,” त्या म्हणाल्या.

तरी रक्ताचं कारण नक्की करायचं होतं, म्हणून आतून करायची सोनोग्राफी सांगितली. १,२०० रुपये. सेंटरवर आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, ती जवळ असू द्या. आधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, कारण पोटावरून बघताना मूत्राशय भरलेलं लागतं. पण आतून बघताना ते रिकामं लागतं. मला पाणी पाजून तासभर बसवलं आणि मग ‘लघवी करून या’ म्हणून पाठवलं. जिला आधीच थेंब थेंब जातात, तिला तो तास फार जड जातो. नंबर घेतानाच कोणती सोनोग्राफी लिहिली आहे ते विचारून घ्या, आणि जास्तीचं पॅड सोबत ठेवा.

रिपोर्टमध्ये पिशवीच्या अस्तराची जाडी ३.२ मिलीमीटर आली. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं असेल आणि अस्तर ४ मिलीमीटरपेक्षा जाड असेल, तर आतला तुकडा काढून तपासतात. मला ती वेळ आली नाही. पुन्हा रक्त दिसलं तर मात्र जाडी कितीही असो, परत यायचं, असं बजावलं.

रक्ताच्या तपासण्या मी सिव्हिलमध्ये केल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, मग बाहेर पैसे का घालवायचे? सकाळी उपाशीपोटी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, तो घेऊन ओपीडीत दाखवायचं, तिथून तपासण्या लिहून घ्यायच्या, मग रक्त द्यायचं. अर्धा दिवस जातो. डबा न्या, रक्त दिल्याबरोबर खाता येतं. थायरॉईड ठीक होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. साखर वाढली की बुरशीचा संसर्ग होऊन खाज येते, माझ्या खाजेचं एक कारण तेही असू शकत होतं.

रिपोर्ट घेऊन फेब्रुवारीत परत गेले तेव्हा चौथ्या मुद्द्याकडे आलो.

वजनाचं गणित मला वाटत होतं तसं सरळ नव्हतं. आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. माझा साडेएकतीस होता. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, माझी ९८. यात एक गोष्ट मला अगदी नवी होती. पाळी गेल्यावर चरबीतच थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, कमी ताकदीचं. म्हणून कुणाला वाटेल, जाड बाईला कोरडेपणा कमी असेल. तसं हमखास होत नाही, माझ्याकडे बघाच. उलट तेच इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं पिशवीच्या अस्तराला मिळत राहिलं तर ते जाड होतं. म्हणूनच वजन जास्त असलेल्या बायकांना पाळी गेल्यानंतर पिशवीच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. म्हणजे ज्या कारणासाठी वजन उतरवायला हवं ते मला पहिल्या दवाखान्यात कुणी सांगितलंच नव्हतं, आणि जे वजनाने बरं होणार नव्हतं त्यासाठी मात्र वजन पुढे केलं होतं.

लघवी गळण्याशी वजनाचा थेट संबंध आहे. पोटाचा भार सतत मूत्राशयावर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तळाच्या स्नायूंवर पडतो. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, लघवी गळण्याचा त्रास असलेल्या ३३८ जाड बायकांचा. ज्या गटाने सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं, त्यांचे गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना फक्त माहिती दिली गेली त्यांचे २८ टक्क्यांनी. मला ८ टक्के म्हणजे सहा किलो. दहा, पंधरा, वीस असे आकडे ऐकून हातपाय गळतात. सहा मनाला पटले.

उपचार मात्र त्याच दिवशी सुरू झाले, वजनाची वाट न बघता. योनीत लावायचं एस्ट्रिऑलचं, म्हणजे कमी ताकदीच्या इस्ट्रोजेनचं, मलम. त्याआधी घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, मला कधी गाठ जाणवली का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे सगळं विचारलं आणि स्तन तपासले. सोबतच्या नळीने अर्धा ग्रॅम, रात्री झोपताना, आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. ट्यूब साडेतीनशेच्या आत मिळाली. मेडिकलमध्ये मला मागवेना, म्हणून हे जाऊन घेऊन आले.

घरी आल्यावर खोक्यातला कागद वाचला आणि घाबरले. त्यात कॅन्सर, पक्षाघात, सगळं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डॉक्टरांना फोन केला. त्या चिडल्या नाहीत. पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांसाठीचा इशारा या मलमाच्या कागदावरही छापतात, इतक्या कमी मात्रेतलं मलम बहुतांश तिथल्या तिथेच काम करतं, रक्तात फारच थोडं जातं, असं त्यांनी समजावलं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांचा निर्णय वेगळा असतो, त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

शिवाय संबंधाच्या वेळी वापरायला पाण्याचा बेस असलेलं जेल सांगितलं, ३०० रुपयांचं. खोबरेल चालेल का, हेही मी विचारलं. काहींना चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल अजिबात नको, निरोध फाटतो. सुवासिक साबण, डेटॉलचं पाणी, व्हजायनल वॉश, सगळं बंद करायला लावलं. नुसतं पाणी पुरतं.

आणि म्हणाल्या, “थोडे आठवडे संबंध नकोत. पण साहेबांना का ते सांगा. काही न सांगता टाळू नका.”

हेच सगळ्यांत अवघड होतं. एका रविवारी आम्ही यवतेश्वरला देवदर्शनाला गेलो होतो. घाटात एका वळणावर गाडी थांबवली, खाली अख्खं सातारा दिसत होतं. समोर बघत बोलायला सोपं गेलं, डोळ्यांत बघावं लागलं नाही. मी सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते.

“मला वाटलं, तुला आता नकोच असतं. पोरं मोठी झाली, तुझं मन उडालं असेल.”

“नको नव्हतं हो. दुखत होतं.”

“मग सांगायचं नाही का गं?”

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांना दहा वर्षांपासून साखर आहे, आणि गेली दोन-तीन वर्षं त्यांनाही अडचण येत होती. मी लांब सरकले की त्यांना एका परीने सुटल्यासारखं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. एकाच खोलीत राहून आम्ही दोघं दोन वेगवेगळी दुखणी झाकून बसलो होतो. पुढच्या वेळी डॉक्टरांनी त्यांनाही आत बोलावलं आणि त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांकडे हे बोलायला सांगितलं. ते गेले. त्यांचं त्यांनी ठरवलं तर ते लिहितील.

मार्चच्या शेवटी, म्हणजे मलम सुरू करून सहा-सात आठवड्यांनी, आग गेली होती. तेव्हा माझं वजन ७४ होतं. जेमतेम दोन किलो कमी. म्हणून मी इतक्या ठामपणे सांगते आहे की कोरडेपणाच्या उपचारासाठी वजन उतरण्याची वाट बघू नका. कुणी ‘आधी वजन, मग उपचार’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

लघवीसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, एका वेळचे ४०० रुपये. तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम मी आधी मोबाईलवर बघून करत होते, पण खरे कोणते स्नायू आवळायचे ते तिथे कळलं. वारा अडवताना जे आवळतो ते. पोट, मांड्या, कुल्हे सैल, श्वास चालू. पाच सेकंद आवळायचं, तेवढंच सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून धरायचं, ही युक्ती मला सगळ्यांत उपयोगी पडली. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. संबंधाच्या वेळी भीतीने हेच स्नायू आखडतात, त्यामुळे ते सैल सोडायलाही शिकवतात. सगळ्या बाया आवळण्याचंच बोलतात, सोडण्याचं कुणी बोलत नाही.

आहाराचं मार्गदर्शन सिव्हिलमधल्या साखर-बीपीच्या विभागातच मिळालं. भात आणि चपाती कमी, प्रत्येक जेवणात प्रथिनं. आमच्या जिल्ह्यातला वाघ्या घेवडा, मटकी, हुलगा, अंडी, ताक. एक ज्वारीची भाकरी, तीवर थांबायचं. संकष्टीला साबुदाण्याऐवजी वरी आणि दही, तेही बेताचं. चहा दिवसातून चार वेळा व्हायचा, दोनवर आला, साखर अर्ध्या चमच्यावर. चालणं शाहू क्रीडा संकुलावर, आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य. अजिंक्यताऱ्यावर चढायचा हट्ट केला नाही, गुडघे दुखत होते. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, हे घरीच. पाळी गेल्यावर स्नायू झपाट्याने कमी होतात, नुसतं चालून ते टिकत नाहीत.

जूनपर्यंत ७२, मग पावसात चालणं बंद पडलं आणि काटा हलेना. गणपतीत अर्धा किलो वाढला. तेव्हा फार निराशा आली. दिवाळीच्या सुमारास ७० झालं. साखर ५.८ वर आली. शिंकेला आता क्वचितच थेंब जातो. यांच्या म्हणण्याप्रमाणे घोरणंही कमी झालंय, झोप मात्र नक्कीच सुधारली आहे.

इच्छेचं काय, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. वजन आणि इच्छा यांचा सरळ हिशोब नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुखणं गेलं, दमणं कमी झालं, झोप लागायला लागली, आम्ही बोलायला लागलो, यातल्या कशाने किती फरक पडला हे मला वेगळं काढता येत नाही. पूर्वी मी दिवा मालवल्याशिवाय साडी सोडत नसे, पोटाची लाज वाटायची. ती लाज सहा किलोंनी गेली नाही, यांनी त्या पोटावर हात ठेवून ‘दोन लेकरं इथंच वाढली ना’ म्हटलं तेव्हा बरीच गेली. पोट आणि गुडघे आड येत असतील तर कुशीवर झोपून, पाठीला उशी घेऊन सोपं जातं. हेही डॉक्टरांनीच, अगदी सहज, सांगितलं. घाई नसते. काही रात्री नुसतं जवळ झोपतो.

एकूण खर्च साडेसहा-सात हजारांच्या आसपास झाला, त्यात मलमाच्या ट्यूब धरून. मलम आठवड्यातून दोनदा चालूच आहे. बंद केलं की कोरडेपणा परत येतो, म्हणून ते सोडायची घाई नाही. पुढची तपासणी जानेवारीत आहे. अजून दोन किलो कमी करायचे ठरवलंय.

परवा कोरेगावहून धाकट्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, तुमच्या त्या डॉक्टरांचा नंबर द्या,” एवढंच म्हणाली. तिची पिशवी काढून आठ वर्षं झाली आहेत, वजन माझ्यापेक्षा जास्त आहे आणि बीपीची गोळी चालू आहे. पिशवी नसेल तर काही उपचार बदलतात, म्हणून ऑपरेशनची जुनी फाईल, गोळ्यांची पाकिटं आणि आधारची झेरॉक्स घेऊन मंगळवारी सकाळच्या एसटीने यायला सांगितलंय. वेळ साडेअकराची मिळाली आहे. कागदावर काय लिहायचं ते आम्ही आदल्या रात्री फोनवर ठरवणार आहोत.